"घरी कोणती भाषा बोलता?"

परवा कॅलिफोर्नियाहून भाचीचा फोन आला. तिकडे रात्र, इकडे माझा सकाळचा चहा. आवाजावरूनच कळलं की बाईसाहेब तापलेल्या आहेत.

"मावशी, शाळेचा फॉर्म भरताना मूर्खपणा केला गं मी. 'घरी कोणती भाषा बोलता' असं विचारलं होतं, तिथे 'मराठी' लिहून बसले. आता त्याची इंग्रजीची परीक्षा घेतायत. तिथे जन्मलेलं पोर! सगळ्या मैत्रिणी सांगत होत्या, की सरळ इंग्लिश लिहून मोकळी हो. मला कुठली दुर्बुद्धी सुचली!"

मी म्हटलं, "अगं, खरं तेच लिहिलंस ना?"

"खरं लिहिलं म्हणून तर शिक्षा झाली!"

तिचं म्हणणं असं, की ही बाहेरून आलेल्यांना वेगळं काढण्याची युक्ती आहे. एकीकडे शाळेत विविधतेचा सोहळा करतात, आम्हाला साड्या नेसून, पुरणपोळ्या घेऊन बोलावतात, आणि दुसरीकडे पोराच्या कपाळावर शिक्का मारतात. फोनवर मी तिला फारसं काही बोलले नाही. पण मी मूळची इतिहासाची बाई. हा फॉर्म कुठून आला, ते मला थोडंफार माहीत होतं. मग चार दिवस जुनी टिपणं काढून बसले. तिला सांगायचं ते इथेच लिहिते, म्हणजे बाकीच्या भाचरांनाही वाचता येईल आणि नेहमीच्या ब्लॉगवाल्या मित्रमंडळींनाही.

आधी एक खुलासा. तिकडे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला कोल्हापूर जिल्हा, सातारा जिल्हा असं काही नव्हे. एका भागातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारी ती स्वतंत्र व्यवस्था. तिचं मंडळ असतं, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं. सॅन फ्रान्सिस्को शहराचा असा एकच डिस्ट्रिक्ट आहे. भाची राहते त्याच्या शेजारच्या गावात, पण तिच्या त्या फॉर्मचं मूळ मात्र सॅन फ्रान्सिस्कोत आहे.

गोष्ट सुरू करू १८८४ पासून.

त्या शहरात जोसेफ आणि मेरी टेप नावाचं चिनी जोडपं राहत होतं. मेरी अकरा वर्षांची असताना चीनमधून आलेली आणि अनाथाश्रमासारख्या एका संस्थेत वाढलेली. ती इंग्रजी बोलायची, चित्रं काढायची, पुढे छायाचित्रणही शिकली. जोसेफचा गाडीभाड्याचा धंदा होता. चायनाटाऊनपासून दूर, गोऱ्या शेजाऱ्यांच्या वस्तीत त्यांचं घर होतं. थोरली मुलगी मेमी आठ वर्षांची. सप्टेंबर १८८४ मध्ये तिला घेऊन ते जवळच्या स्प्रिंग व्हॅली प्राथमिक शाळेत गेले. मुख्याध्यापिका जेनी हर्ली यांनी प्रवेश नाकारला, कारण मुलगी चिनी.

हा काळ लक्षात घ्या. चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा दोनच वर्षांपूर्वी, १८८२ साली झाला होता. शहरात चिनी मुलांसाठी पूर्वी एक शाळा होती, ती १८७१ मध्ये बंद केली गेली. म्हणजे १८८४ पर्यंत तेरा वर्षं कर भरायचा चिन्यांनीही, आणि शाळा मात्र त्यांच्या मुलांना नाही. काळ्या मुलांची गोष्ट थोडी आधीची. मेरी फ्रान्सेस वॉर्ड नावाच्या मुलीचा खटला १८७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने सांगितलं की वेगळी शाळा चालेल, पण वेगळी शाळा नसेल तर सर्वांच्या शाळेत घ्यावंच लागेल. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. चिन्यांना मात्र वेगळीही नाही आणि सर्वांची तर नाहीच.

टेप दांपत्य कोर्टात गेलं. जानेवारी १८८५ मध्ये न्यायाधीश मॅग्वायर यांनी निकाल दिला, की मुलगी इथे जन्मलेली आहे, राज्याचा कायदा सर्व मुलांना शाळा खुली असल्याचं सांगतो, तेव्हा तिला घ्या. मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. झालं, जिंकले!

पण थांबा. शाळाखात्याचे अधीक्षक मोल्डर गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी राज्याच्या विधिमंडळाकडून घाईघाईने एक दुरुस्ती मंजूर करून घेतली: मंडळाला चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढता येईल, आणि ती काढली की त्या मुलांना दुसऱ्या शाळेत जाता येणार नाही. एप्रिलमध्ये मेमी पुन्हा स्प्रिंग व्हॅलीच्या दारात गेली, तेव्हा लस टोचल्याचा दाखला नीट नाही, वर्ग भरलेला आहे, अशी कारणं पुढे आली. (तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे, त्यांना 'दाखला नीट नाही' या वाक्याची ताकद माहीत असेल. कितीतरी दारं या वाक्याने बंद होतात.) काही दिवसांतच चायनाटाऊनमध्ये वेगळी शाळा उघडली.

मेरी टेप यांनी मंडळाला एक पत्र लिहिलं. ते तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण शब्द धारदार. चिनी म्हणून जन्मणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे का, असं त्या विचारतात, आणि माझी मुलगी तुमच्या त्या चिनी शाळेत कधीही जाणार नाही, असं बजावतात. शेवटी मेमी आणि तिचा धाकटा भाऊ त्याच शाळेत गेले, पहिल्या दिवशी हजर झालेल्या मुलांत ते होते. आई म्हणून त्या बाईला ती सकाळ कशी गेली असेल? अभिमान जपायचा की पोरांची शाळा, यातून एक निवडायचं होतं.

इथे मला आपलं धारवाड आठवतं. १८५६ साल. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मिळाला नाही, म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचं उत्तर असं, की न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, पण एका मुलासाठी बाकी सगळ्यांच्या भावना दुखवून शाळा रिकामी पाडता येणार नाही. पुढे कलकत्त्याहून आणि विलायतेहून यावर नापसंती आली, सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत असं धोरण जाहीर झालं. कागदावर. शाळेत काय घडलं, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. साताऱ्याच्या शाळेत बसायचं तर घरून आणलेल्या गोणपाटावर, आणि तहान लागली तर शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. धोरण जाहीर होऊन चाळीसहून अधिक वर्षं लोटली होती तेव्हा! राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतर शाळांत घेण्याचा हुकूम काढला. हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. मेमी टेप मात्र मला निवृत्तीनंतर भेटली.

आता १९०६. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत महाभयंकर भूकंप झाला, आगीत अर्धंअधिक शहर जळालं. ऑक्टोबरमध्ये शाळामंडळाने ठराव केला, की जपानी आणि कोरियन मुलांनीही चायनाटाऊनमधल्या त्या वेगळ्या शाळेत, म्हणजे 'ओरिएंटल स्कूल'मध्ये जावं. कारणं दिली गर्दीची, आणि वयाने मोठी मुलं लहान मुलींबरोबर बसतात याची. जपानी मुलं होती किती? शहरभर मिळून ९३. पण जपानने नुकताच रशियाचा युद्धात पराभव केलेला, त्यामुळे टोकियोचा निषेध वॉशिंग्टनला ऐकावाच लागला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी महापौरांना आणि शाळामंडळाला राजधानीत बोलावून घेतलं. तडजोड अशी, की जपानी मुलं आपापल्या शाळेत परत, आणि बदल्यात जपानने मजुरांना पासपोर्ट देणं थांबवायचं.

त्यात चिनी मुलांचं काय झालं? काही नाही. त्यांच्यामागे आरमार असलेलं सरकार नव्हतं. ती तिथेच राहिली. हक्काने मिळतं ते आणि वजनाने मिळतं ते, यातला फरक समजावायला मी आता हेच उदाहरण देईन.

वेगळ्या शाळांची मुभा देणारा तो कायदा कॅलिफोर्नियात १९४७ पर्यंत टिकला. तो गेला, त्यामागे ऑरेंज काउंटीतल्या मेक्सिकन वंशाच्या मेंडेझ आणि इतर कुटुंबांनी जिंकलेला खटला होता. कायदा रद्द करण्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्ल वॉरन. हेच वॉरन पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, आणि वंशावरून वेगळ्या शाळा ठेवणं घटनाबाह्य आहे हा १९५४ चा 'ब्राऊन' खटल्याचा प्रसिद्ध निकाल त्यांनीच लिहिला.

इतिहास इतका सरळ असता तर शिकवायला किती सोपं झालं असतं! १९७१ मध्ये कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोला हुकूम दिला, की प्राथमिक शाळांत सगळ्या वंशांची मुलं मिसळा, बसगाड्यांनी शहरभर न्या. आणि विरोध कोणी करावा? चायनाटाऊनच्या पालकांनी! ज्यांच्या आजी-आजोबांना बळजबरीने एका शाळेत कोंडलं होतं, ते आता म्हणत होते की आमची मुलं आमच्या जवळच्या शाळेतच राहू द्या. शाळा सुटल्यावर मुलं चिनी शिकायची, आईवडील शिवणकामाच्या कारखान्यांत, पोर दूर गेलं तर आणणार कोण? काहींनी स्वतःच्या खासगी शाळाही काढल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस यांच्यापुढे गेलं. त्यांनी स्थगिती दिली नाही. चिनी मुलांना वेगळं ठेवण्याचा जुना इतिहास सांगून ते म्हणाले, की हा निवाडा केवळ काळ्यांसाठी नव्हता, तुमच्यासाठीही आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. कोणाला चूक म्हणावं, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

आणि आता भाचीच्या फॉर्मकडे येते.

१९७० साली त्याच शहरात किनी किनमन लाऊ या मुलाच्या नावाने आणखी एक खटला दाखल झाला. या वेळी शाळेचं दार उघडं होतं. वर्गात जागा होती, पुस्तकं तीच, शिक्षक तेच. पण शिकवणं इंग्रजीत, आणि मुलाला इंग्रजी येत नाही! खटल्याच्या कागदांत आकडे आहेत: इंग्रजी न येणारी चिनी वंशाची मुलं २,८५६. त्यांतल्या सुमारे हजार मुलांना इंग्रजीची काहीतरी जादा शिकवणी मिळत होती. उरलेली सुमारे १,८०० मुलं नुसतीच बसून.

खालच्या दोन्ही कोर्टांत मुलं हरली. त्या कोर्टांचं म्हणणं साधारण असं, की सगळ्यांना सारखं दिलंय ना? मग कोण घरून काय घेऊन येतो, याला शाळा काय करणार? पण २१ जानेवारी १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने उलट निकाल दिला. मुख्य निकालपत्र लिहिलं पुन्हा त्याच न्यायमूर्ती डग्लस यांनी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधाराने त्यांनी सांगितलं, की सारखी पुस्तकं, सारखे शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याला शिक्षणाचा अर्थपूर्ण लाभ मिळतच नाही. उपाय कोणता करायचा, ते मात्र शाळेवर सोडलं.

आता, अशा मुलांना मदत करायची तर ती मुलं कोणती, हे आधी कळायला हवं. म्हणून विचारायचं, घरी कोणती भाषा बोलता? आणि मग परीक्षा घ्यायची, म्हणजे ज्याला इंग्रजी येतं तो सुटेल आणि ज्याला येत नाही त्याला जादा शिकवता येईल. आपल्या भाचीला ज्याचा राग आला, तो कागद ज्या वाटेने आला, तिचं मोठं वळण हा १९७४ चा निकाल आहे.

त्याच १९७४ साली, जूनमध्ये, मी शिक्षिका म्हणून रुजू झाले.

आता जे सांगणार आहे, ते घरात कोणाला सांगितलेलं नाही. साल १९७९ किंवा ८०. माझ्याकडे चौथीचा वर्ग. गावाजवळ कालव्याचं काम चालू होतं आणि दगड फोडायला वडार समाजाची माणसं पालं टाकून राहिली होती. त्यांतला एक मुलगा माझ्या वर्गात दाखल झाला. तब्येतीने काटक, डोळे चमकदार. शेवटच्या रांगेत भिंतीशी बसायचा. काही विचारलं की नुसता हसायचा. मारकुटा नव्हता, खोड्या नव्हत्या. पन्नास-पंचावन्न पोरांच्या वर्गात असं गप्प पोर म्हणजे बाईंना देवाने दिलेलं दान! मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सहामाहीला पेपर कोरा आला. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'मंद. प्रयत्न कमी.'

एके दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला धाकट्या बहिणीशी बोलताना ऐकलं. घडाघडा, हातवारे करून, तिला काहीतरी गोष्ट सांगत होता आणि ती पोटभर हसत होती. तेलुगूच्या अंगाने जाणारी त्यांची वडारी बोली. मला एक अक्षर कळलं नाही. मी दोन मिनिटं उभी राहिले, मग घंटा झाली आणि मी वर्गात गेले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत काम पुढे सरकलं, पालं उठली. तो मुलगा हजेरीपटावर काही दिवस 'गै. ह.' राहिला, नंतर मी त्याच्या नावावर लाल शाईने रेघ मारली.

जातिभेद मी कधी केला नाही, असं मी मोठ्या अभिमानाने सांगत आले. त्याला मी इतरांच्यात बसवलं होतं, सगळ्यांबरोबर पाणी प्यायला होता, पुस्तकं दिली होती. सगळ्यांसारखंच वागवलं होतं. 'लाऊ'चा निकाल वाचला तेव्हा त्यातलं 'सारखं' माझ्या पोटात कुठेतरी रुतलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळामंडळाचा जो बचाव होता, तोच माझाही होता.

मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. याचं मला फार कौतुक आहे. पण त्या आठांत बंजारा, वडारी, पारधी, कोरकू बोलणारं पोर कुठे बसणार?

सॅन फ्रान्सिस्कोची पुढची गोष्ट थोडक्यात. 'लाऊ'नंतर तिथे दोन भाषांतून शिकवण्याचे वर्ग वाढले. १९८४ साली वेस्ट पोर्टल या शाळेत कँटनीज भाषेतून शिकवणारा वर्ग सुरू झाला, चिनी नसलेल्या घरांतली मुलंही त्यात येऊ लागली. १८८५ मध्ये ज्या समाजाच्या मुलीला दारातून परत पाठवलं, त्या समाजाची भाषा शिकायला आता इतरांनी यावं! पण सगळं गोडही नाही. १९९८ मध्ये राज्यभर मतदान होऊन दोन भाषांतून शिकवण्यावर कडक बंधनं आली, ती बरीचशी उठायला २०१६ उजाडलं. १९८३ च्या एका तडजोडीनुसार कुठल्याही शाळेत एका वंशाची मुलं ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, असा नियम झाला. हेतू चांगला. परिणाम असा, की लोवेल या नामांकित हायस्कुलात जायला चिनी मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण लागू लागले. पालक पुन्हा कोर्टात, आणि १९९९ मध्ये तो नियम गेला. जानेवारी २०२१ मध्ये, साथीमुळे बहुतेक वर्ग बंद असताना, मंडळाने ४४ शाळांची नावं बदलण्याचा ठराव केला. वॉशिंग्टन आणि लिंकन यांचीही नावं त्या यादीत. मुलं घरी बसलीत आणि तुम्ही पाट्या कसल्या बदलताय, म्हणून लोक चिडले. ठराव एप्रिलमध्ये मागे घेतला गेला, आणि इतर रागही साठला होताच, त्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना घरी पाठवलं.

चायनाटाऊनमधली ती जुनी वेगळी शाळा आजही आहे. १९९८ पासून तिचं नाव गॉर्डन लाऊ, शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आलेले ते पहिले चिनी-अमेरिकन. (खटल्यातला लाऊ वेगळा बरं का, घोटाळा करू नका.)

तर बाळा, तुझ्या फॉर्मबद्दल. पुरणपोळ्या जरूर घेऊन जा, साडीही नेस. सोहळा वाईट नसतो, मुलांना आपल्या घरची वस्तू सगळ्यांपुढे मांडायला आवडते. पण त्या फॉर्मवर रागावू नकोस. तुझं पोर चुरूचुरू इंग्रजी बोलतं, ते परीक्षेतून सुटेल. नाही सुटलं तर इंग्रजी पुरेसं येईपर्यंत जादा शिकवणी मिळेल. त्याच वर्गात कदाचित महिन्यापूर्वी देशात आलेलं एखादं मूल असेल, भिंतीशी बसून नुसतं हसणारं. त्याच्यासाठी तो प्रश्न आहे. तो प्रश्न विचारला जावा म्हणून त्या शहरातल्या मुलांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. मैत्रिणींनाही सांग, खरं तेच लिहा.

मला तर तो प्रश्न विचारायला फॉर्मही लागला नसता. मधल्या सुट्टीत दोन पावलं पुढे जाऊन, "घरी काय बोलता रे?" एवढंच विचारायचं होतं.

असो. चहा केव्हाच गार झाला. धाकट्याची परीक्षा झाली की कळव.